खालून वर वाचायचा दगड

“मॅडम, मी रोज बसस्टँडवरच उतरते की ओ. किल्ला तिथून समोरच आहे. पण आत कधी गेलेली नाही.”

खानापूर तालुक्यातल्या जंगलकाठच्या एका गावातून बेळगावला येणारी ही मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. किल्ल्यातल्या कमल बसदीवर, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरावर, तिनं लिहून पाठवलेलं उत्तर माझ्यासमोर होतं. रट्टांची राजवट, चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचण, इसवी सन १२०४, घोटून चकाकी आणलेले खांब, मंडपाच्या छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ. शोधूनही चूक सापडली नसती. मी तिला सहज फोनवर विचारलं, “कमळ बघताना मान दुखली का गे?” तिला प्रश्नच कळला नाही. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग वरचं वाक्य बोलली. किल्ल्यात मिलिटरी असते, आपण आत जायचं नसतं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तर बरोबर होतं, त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते, आणि ज्या अभ्यासक्रमातून ते आलं होतं तो मीच बांधला होता.

कलेच्या इतिहासाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करा, कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता आला पाहिजे, असं कॉलेजात ठरलं तेव्हा मी आपणहून पुढे झाले होते. मी इतिहास शिकवते; चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. पण बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, जिथं चालुक्य राजा मंगलेशाचा ५७८ सालचा लेख आहे, त्या वराहासमोर वयाच्या अठराव्या वर्षी मी उभी राहिले आणि मग सहलीची बस चुकली, एवढी माझी पात्रता. दोन उन्हाळे खपून मी चाळीस व्हिडिओ केले. गुहाचित्रांपासून विसाव्या शतकापर्यंत साठ कलाकृती. शहापुरातल्या आमच्या घरात दिवसा आवाजच आवाज, म्हणून रात्री अकरानंतर स्वयंपाकघराचं दार लावून बोलत बसायची. मुलं ते व्हिडिओ दुप्पट वेगानं लावून ऐकतात हे नंतर कळलं. साठ वस्तू एका सत्रात दाखवायच्या म्हटल्यावर मी तरी दुसरं काय करत होते? मीही पळतच होते.

सगळं मोडून पुन्हा मांडायचं ठरवलं. साठाच्या बारा केल्या. आठवड्याला एकच वस्तू. हे लिहायला एक ओळ लागते. कुठल्या अठ्ठेचाळीस काढायच्या हे ठरवायला मला दोन महिने लागले, आणि त्यातल्या काहींबद्दल आजही जीव हळहळतो.

पहिला अडसर अगदी साधा होता. जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांना रेंज मिळते ती गावाबाहेरच्या एखाद्या टेकाडावर. दहा मिनिटांचा बरा व्हिडिओ म्हणजे शंभर एमबीच्या आसपास. तेवढंच बोलणं नुसत्या आवाजात दिलं तर पाच एमबीत बसतं. म्हणून व्हिडिओ काढून टाकले. एक ध्वनिफीत आणि चार-पाच छायाचित्रं, तीही दाबून लहान केलेली. फक्त एकच मोठं ठेवायचं, बोटांनी फाकवून आत शिरता येईल असं. यातून नकळत एक फार चांगली गोष्ट झाली. माझा चेहरा पडद्यावरून गेला. मुलं कानानं माझं ऐकत आणि डोळे वस्तूवर ठेवू शकत. व्हिडिओत ती मलाच बघत होती.

आकाराचं मात्र सोपं नव्हतं. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची आहे, आपल्या तळहातावर मावेल एवढी. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फुटांचा. फोनवर दोघंही बोटभरच. मापं सांगून काही होत नाही. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. मी प्रत्येकाला सुतळी घ्यायला लावली. साडेदहा सेंटिमीटरवर एक गाठ मारायची आणि ती सुतळी आठवडाभर खिशात ठेवायची. गोमटेश्वरासाठी जी मुलं शहरात होती ती कॉलेजच्या मैदानावर जमली. ५७ फूट सुतळी पसरली, एका टोकाला एक उंच मुलगा आडवा झोपला, आणि बाकीच्यांनी त्याच्या डोक्यापासून पुढे उरलेली सुतळी पावलांनी मोजली. त्याचं छायाचित्र गावाकडच्या मुलांना पाठवलं. एका मुलीनं तेच आपल्या अंगणापासून रस्त्यापर्यंत करून बघितलं आणि लिहिलं, “आमची गल्ली संपली, देव संपला नाही.”

तुलना हा या विषयाचा कणा आहे. हाइनरिख वोल्फलिन हे स्विस अभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये शिकवत, तेव्हा अंधाऱ्या वर्गात दोन प्रक्षेपक लावून दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवत. आजही जगभरच्या वर्गांत तीच चाल आहे. फोनवर ती चालत नाही. दोन चित्रं शेजारी ठेवली की दोन्ही तिकिटाएवढी होतात. यावर बरेच दिवस डोकं फोडलं, आणि उत्तर सुचलं ते किल्ल्यातच, हातात फोन धरून बसदीसमोर उभी असताना. एक चित्र फोनमध्ये असू दे. दुसरं समोर असू दे.

आपल्या भागात हे करायला जेवढं साहित्य आहे तेवढं फार थोड्या ठिकाणी असेल. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम जेम्स बर्जेस यांनी सुरू केलं ते मुंबईपुण्याकडे नव्हे, इथं. १८७४च्या जानेवारीपासून मेपर्यंतचा त्यांचा पहिला हंगाम बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत गेला. तेव्हाच्या कलादगीत बदामी, ऐहोळे, पट्टदकल सगळं येत होतं. त्या काळात निघालेली या वास्तूंची जुनी छायाचित्रं आज घरबसल्या बघता येतात. ती फोनवर उघडायची, त्या जागी उभं राहायचं, छायाचित्रकार जिथं उभा असेल तिथं आपले पाय नेऊन लावायचे, आणि काय बदललं ते लिहायचं. झाडं, कुंपण, नव्यानं बसवलेला दगड, नाहीसा झालेला दगड. ज्यांना बदामीपर्यंत जाणं जमत नाही त्यांनी आपल्याच गावातलं देऊळ घ्यायचं आणि घरातल्या एखाद्या जुन्या लग्नाच्या फोटोत ते मागे कुठं दिसतंय का ते शोधायचं. हे दुसरं मला एका विद्यार्थिनीनं सुचवलं. माझ्या डोक्यात आलं नसतं.

कमल बसदीच्या छताशी तुलना करायला आम्ही खिद्रापूर घेतलं. कृष्णेच्या काठचं कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांचं. ते महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. मधली रेघ या दगडांना माहीत नव्हती. चिकोडी-निपाणीकडच्या मुलांना तर ते बेळगावपेक्षा जवळ. काळ साधारण तोच, बारावं-तेरावं शतक. पण तिथं स्वर्गमंडपात मान वर केली की छताच्या मध्यभागी गोल उघडं आकाश आहे, आणि इथं तशाच मध्यभागी दगडाचं कमळ खाली उमलत आलेलं आहे. पाकळ्या ७२ म्हणून सांगतात, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांच्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. मी मुलांना मोजायला सांगितलं. छायाचित्रावरून मोजणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. एक रांग कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते तेच कळत नव्हतं. जी मुलं खाली उभी राहून, चार वेळा जागा बदलून, मान अवघडेपर्यंत मोजत राहिली त्यांना रांगांची रचना समजली. एका मुलानं आकड्याच्या जागी रांगांचं रेखाटनच पाठवलं. मी त्याला आकडा विचारला नाही.

आणि मग ती वीरगळाची गोष्ट.

वीरगळ आपल्याकडे पावलोपावली आहेत. मारुतीच्या देवळाबाहेर, तळ्याच्या काठावर, पिंपळाच्या पारावर. कुठं चुना फासलेले, कुठं म्हसोबा म्हणून शेंदूर लावलेले. शब्द मराठी लोक वापरतात, पण त्यातला गळ कन्नड कल्लूमधून आलेला, म्हणजे दगड. वीराचा दगड. रचना ठरलेली: सर्वांत खाली लढाई, पुष्कळदा गाई पळवणाऱ्यांशी झालेली, त्यावर वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्याला सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते असेतोवर ही आठवण राहो.

चौथ्या आठवड्यात मी एका वीरगळाचं उभं, लांबलचक छायाचित्र पाठवलं, नाव-गाव न सांगता. ही माझी नवी रीत होती: आधी दहा मिनिटं बघा, जे दिसतं ते लिहा, नाव नंतर. एका मुलानं लिहिलं, “एक माणूस देवाजवळ बसलाय. मग बायका त्याला तिथून खाली घेऊन चालल्यात. शेवटी तो लढाईत मेला.”

मी ते वाचून थांबले. त्यानं काहीच चुकीचं पाहिलं नव्हतं. फोनवर चित्र वरून उघडतं आणि आपण बोटानं खाली-खाली जातो. स्वर्ग आधी, मरण शेवटी. आठशे वर्षं जो दगड मेलेल्या माणसाला वर चढवत होता त्याला माझ्या अभ्यासक्रमानं उलटं खाली उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाचा आणखी एक निरोप आला. त्यानं ते चित्र आजोबांना दाखवलं होतं. आजोबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “असं नव्हं रे. खालनं वर बघ. मेल्याशिवाय वर कसा जाईल?”

आजोबांनी शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नाही. पण त्यांनी वीरगळ उभ्यानं पाहिला होता. जमिनीवरून वर जाणाऱ्या नजरेनं, जसा तो घडवणाऱ्यानं घडवला होता. त्यानंतर कॉम्प्युटर लॅबमधल्या मुलाच्या पाठीशी लागून मी ते चित्र तळापासून उघडेल अशी सोय करून घेतली. बोट वर सरकवलं की वीर वर जातो. एवढ्याशा बदलासाठी मी त्याचे चार दिवस घेतले, आणि संपूर्ण अभ्यासक्रमातली माझी सर्वांत आवडती जागा कोणती विचारलं तर मी हीच दाखवीन.

भारतीय कलाकार अनामिक होते, हे वाक्य मुलं पाठ करूनच येतात. ते कुठल्या गाईडात आहे देव जाणे, पण मला त्याचा राग येतो. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिनं बांधवलं. करवून घेणारी बाई कोण हे माहीत आहे, आणि घडवणाऱ्याचं नावही शिलालेखात आहे: तिप्पोज. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीनं चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयाप्रीत्यर्थ बांधवलं. त्याच्या सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य स्थपतीचं, नाव गुंड, पदवी अनिवारिताचार्य. त्याच पट्टदकलात चत्तर रेवडी ओवज्ज नावाचा आणखी एक आहे. नावं आहेत. ती जिथं कोरलेली आहेत तिथपर्यंत कुणी जात नाही आणि ती लिपी कुणाला वाचता येत नाही, हा आपला प्रश्न आहे, त्यांचा नव्हे. नावाच्या बाबतीत ऐहोळेचं दुर्ग मंदिरही मी मुद्दाम ठेवलं. सगळे त्याला दुर्गादेवीचं समजतात. पण नाव पडलं ते दुर्गावरून, त्याला लागून असलेल्या तटबंदीवरून.

नावं नसलेलीही एक वस्तू बारांत आहे. वाकळ. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात, कन्नड घरांत कौदी. खानापूर आणि पलीकडे हल्याळच्या रानातल्या सिद्दी बायका शिवतात ती कवंदी. बाहेरच्या कडेपासून टाके घालत घालत त्या मध्यापर्यंत येतात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, नागडी वाटते असं त्या मानतात. मुलांना काम दिलं होतं: घरातली एक वाकळ उन्हात पसरा आणि एकेक तुकडा कुठल्या कपड्याचा ते शिवणाऱ्या बाईला विचारा. आलेली उत्तरं वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या आत्याचा परकर. पहिल्या लेकराचं झबलं. इलकल लुगड्याचा काठ, जो आजीनं मुद्दाम मध्यभागी लावला कारण तसलं लुगडं तिला एकदाच मिळालं. रंगसंगती, लय, तोल हे शब्द मी त्या आठवड्यात शिकवणार होते. आजींनी ते न उच्चारता समजावून दिले होते; मला फक्त शब्द जोडायचे राहिले.

रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीवर मी फार वेळ घालवला नाही. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि देव भिंतीवर आले, एवढं सांगितलं की देवघरातली तसबीर मुलं आपणहून निरखून बघू लागतात.

भाषेचा विषय आमच्या भागात काढायचा म्हणजे आवाज खाली आणावा लागतो. माझ्या वर्गात मराठी मुलं आहेत, कन्नड आहेत, घरी उर्दू बोलणारी आहेत, कोकणी आहेत. अभ्यासक्रमाची भाषा कागदोपत्री इंग्रजी. पण बघितलेलं लिहायचं तर माणूस ज्या भाषेत बघतो त्याच भाषेत लिहिता येतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून निरीक्षणाची वही कुठल्याही भाषेत चालेल असं ठेवलं. मराठी मी वाचते, कन्नडही बऱ्यापैकी. जिथं अडते तिथं आमचे कन्नडचे सर माझ्या टेबलाशी येऊन बसतात. त्यांनीच एकदा मला आठवण करून दिली की गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाचं नाव तीन भाषांत आहे. कन्नड, तमिळ आणि मराठी: “श्रीचावुण्डराजें करवियलें”. एका देवाच्या पायांशी तिघी शेजारी. तो ठसा मी पहिल्या आठवड्याच्या पानावर लावला. त्याखाली काही लिहिलं नाही.

परीक्षेबद्दल माझं मत मी कॉलेजात स्पष्ट मांडलं. चार पर्यायांपैकी एक निवडा हा प्रश्न बघण्याला मारक आहे. नियमानुसार काही गुण त्यासाठी ठेवावेच लागले, ते ठेवले. बाकीचे वहीला.

आता शेवटचा आठवडा, ज्यासाठी मला पडद्याचे खरोखर आभार मानावेसे वाटतात. कमल बसदी किल्ल्यात आहे, पण बेळगावचे दोन शिलालेख, शक ११२७चे, लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. रट्टांच्या जिनालयाला दिलेल्या दानाचे. त्यांत आपल्या गावाचं जुनं नाव आहे, वेणुग्राम. माझ्या मुलांपैकी एकही तिथं बहुधा कधी जाणार नाही. छत बघायला पाय पुरतात. तो दगड बघायला पडदाच हवा. अभ्यासक्रम कुठं घरी बसवायचा आणि कुठं बाहेर काढायचा याचा मला पडलेला पेच या दोन दगडांनीच सोडवला.

त्या लेखांचा मजकूर शंभर वर्षांपूर्वी छापला गेलेला आहे. जुनं कन्नड आहे, आजच्या कन्नड मुलांनाही कळणार नाही असं. सरांना मी विनंती केली की त्यातला थोडा भाग मोठ्यानं वाचा, आपण ध्वनिमुद्रण करू. ते चार दिवस घरी सराव करत होते. पाचव्या दिवशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून त्यांनी वाचलं. तीन मिनिटं, दीड एमबी.

ध्वनिफीत पाठवली त्या शनिवारी दुपारी मला खानापूरच्या त्या मुलीचा फोन आला. बसस्टँडवर उतरून ती चालत किल्ल्यात गेली होती, बरोबर दोन मैत्रिणी. मंडपात गर्दी नव्हती. कमळाखाली बसून त्यांनी फोन मध्ये ठेवला आणि सरांचा आवाज लावला. दर्शनाला आलेल्या एक आजी खांबाला टेकून ऐकत उभ्या राहिल्या. आवाज संपल्यावर त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, हे कुठल्या पोथीतलं?

“मी सांगितलं, इथलंच आहे, आजी. दगड लांब गेलाय.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, परत एकदा लाव. मग आम्ही परत लावलं की ओ, मॅडम. त्या खाली बसल्या. आणि मान वर करून बघत होत्या.”